कोकणातील कौटुंबिक आणि लिंगभावाधारित हिंसा : संशोधन, शिक्षण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत आमचा गट घरातल्या हिंसेचा अभ्यास करतो आणि ती घडण्याआधीच थांबावी म्हणून शाळांत, बचत गटांत, काजू कारखान्यांत आणि मच्छीमार वाड्यांत प्रशिक्षणे घेतो. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवून त्यांची उत्तरे खाली दिली आहेत. आपल्या किंवा ओळखीच्या घरात या क्षणी जिवाला धोका असेल, तर पुढे वाचत न बसता 112 या क्रमांकावर फोन करावा. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 या मदतवाहिन्याही आहेत.

नवरा हात उचलत नाही, फक्त बोलतो. याला हिंसा म्हणायचे का?

होय. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला आणि त्याच्या तिसऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगाच होत नाही म्हणून टोमणे मारणे, माहेरच्या माणसांचा उद्धार करणे, जीव देण्याची धमकी देऊन बाईला गप्प करणे, हे सारे त्यात येते. आपल्याकडे सर्वांत कमी ओळखला जाणारा प्रकार आर्थिक हिंसेचा आहे. नवरा मुंबईत नोकरीला असतो, बायको गावच्या घरात सासू-सासरे, गुरे आणि भाताची खाचरे सांभाळते, आणि काही कारणाने बिनसले की पैसे येणे बंद होते. फोन केला तर उचलला जात नाही आणि वाण्याची उधारी मात्र तिच्या नावावर चढत राहते. कलमांच्या बागेत तिने वर्षभर राबावे आणि आंब्याच्या पेट्यांचे पैसे तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या खिशात जावेत, तिचे दागिने तिला न विचारता गहाण पडावेत, तिच्या मजुरीचे बँक पासबुक दिराच्या कपाटात असावे, या गोष्टींना घरोघरी ‘पद्धत’ म्हटले जाते. तिच्या हक्काचा पैसा आणि वस्तू तिला मिळू न देणे याला कायदा आर्थिक हिंसा म्हणतो.

‘लिंगभावाधारित’ हा जड शब्द कशासाठी? सरळ ‘बायकांवरील अत्याचार’ का म्हणत नाही?

कारण मारहाणीच्या मुळाशी बाईने कसे वागावे आणि पुरुषाने कसे असावे याविषयीच्या समजुती असतात, आणि त्या समजुती केवळ विवाहित स्त्रीला जाचत नाहीत. शिक्षण थांबवून लग्नाला उभी केलेली मुलगी, पती गेल्यावर हळदीकुंकवाला न बोलावली जाणारी वहिनी, बायकी म्हणून वर्गात चिडवला जाणारा मुलगा, तृतीयपंथी व्यक्ती, या सर्वांना होणाऱ्या त्रासाचे मूळ एकच आहे. मूळ एक असल्यामुळे प्रतिबंधाचे कामही एकत्रच करावे लागते.

कोकणात बायकाच घर चालवतात आणि त्यांची संख्याही जास्त आहे. इथे हा प्रश्न कमी असणार ना?

हा प्रश्न आम्हाला बहुतेक प्रत्येक सभेत विचारला जातो आणि तो अभिमानाने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,100 हून अधिक आणि सिंधुदुर्गात 1,030 हून अधिक स्त्रिया नोंदल्या गेल्या, हे खरे आहे. मात्र याचे मोठे कारण कोकणातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले हे आहे. पूर्वी ते गिरण्यांत आणि गोदीत जात, आता दुकानांत, कंपन्यांत आणि सुरक्षारक्षकाच्या नोकऱ्यांवर जातात. त्याच जनगणनेतले सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आकडे पाहिले, तर दोन्ही जिल्ह्यांत दर हजार मुलग्यांमागे मुली 950 च्याही खाली आहेत. मोठ्यांच्या आकड्यात दिसणारी बायकांची बहुसंख्या ही स्थलांतराची सावली आहे. ती मानाची खूण नव्हे.

घर चालवणे आणि घरावर अधिकार असणे यांतही अंतर आहे. सातबाऱ्यावर आजोबांपासूनची पंधरा-वीस नावे असतात, त्यांत सुनेचे नाव क्वचित असते, आणि लेकीकडून हक्कसोडपत्र तिच्या लग्नानंतर पहिल्याच गणपतीत घेतले जाते. जिच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, ती मार सोसत असेल तर त्यामागे तिचा हिशेब असतो. तिला भित्री किंवा अडाणी म्हणणाऱ्यांनी तो हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

मग खरे प्रमाण किती आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांहून अधिक जणींनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चारांत एक असे आहे. याच सर्वेक्षणातील दोन आकडे आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटतात. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ 14 टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. आणि सासू-सासऱ्यांचा मान न राखणे, न सांगता घराबाहेर जाणे अशा सात कारणांपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे 45 टक्के स्त्रियांना आणि 44 टक्के पुरुषांना वाटत होते. यात बायका आणि पुरुष जवळजवळ बरोबरीत आहेत. म्हणूनच आमचे काम फक्त पुरुषांना समजावण्याचे नाही.

हिंसेविषयीची प्रश्नावली या सर्वेक्षणात निवडक घरांतच विचारली जाते आणि तिचे निष्कर्ष राज्याच्या पातळीवर दिले जातात, जिल्ह्याच्या नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यातल्या तक्रारी मोजून ‘आमचा तालुका शांत आहे’ असे म्हटले जाते. शंभरांतल्या चौदा जणीच कोणाकडे तरी मदत मागतात आणि त्यांतल्याही बहुतेकींचे बोलणे माहेरच्या माणसांपर्यंतच पोहोचते, हे लक्षात घेतले तर तक्रारींच्या संख्येतून हिंसा किती आहे ते कळत नाही. बोलण्याची वाट किती अरुंद आहे, एवढेच कळते. स्थानिक संशोधनाची गरज इथून सुरू होते.

ज्या गोष्टीबद्दल कोणी बोलतच नाही, तिचा अभ्यास कसा करता?

विचारण्याची पद्धत शिकून. आमच्या प्रशिक्षणाचा सर्वांत मोठा भाग हाच आहे, कारण चुकीच्या वेळी विचारलेला एक प्रश्न बाईला त्या रात्री मार खायला लावू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली अशा संशोधनासाठी नीतिनियम प्रसिद्ध केले. स्त्रीची सुरक्षितता आधी आणि माहिती नंतर, हे त्यांचे सार आहे. त्यामुळे एका घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारले जातात आणि पूर्ण एकांत असेल तरच विचारले जातात. गावात पाहणीचे नाव ‘स्त्रियांचे आरोग्य’ असे सांगितले जाते. मध्येच कोणी आले तर विषय बदलायचा असतो आणि त्यासाठी विहिरीच्या पाण्याबद्दलचे, रक्तक्षयाच्या गोळ्यांबद्दलचे निरुपद्रवी प्रश्न हाताशी तयार ठेवावे लागतात.

कोकणातल्या घरात एकांत मिळवणे अवघड असते. घर ऐसपैस असते, पण पडवीत कोणी ना कोणी बसलेले असते आणि परकी बाई आली की शेजारच्या तीन घरांतून माणसे डोकावतात. एका मुलाखतीचा प्रसंग आम्ही प्रत्येक नव्या कार्यकर्तीला सांगतो. उन्हाळा होता, अंगणात आमसुलांची सोले वाळत घातली होती आणि ती बाई आमच्याशी बोलता बोलता ती उलटत होती. सासू उंबऱ्याशी बसली होती. ‘घरात काही त्रास?’ या प्रश्नावर तिने मान वर न करता ‘तसा काय नाय’ म्हटले. आम्ही विहिरीच्या पाण्याकडे वळलो. पाऊण तासाने सासू गोठ्याकडे गेली, तेव्हा त्या बाईने रसाने लाल झालेले हात पदराला न पुसता तसेच धरले आणि हळू आवाजात म्हणाली, ‘माका कायएक नको. फक्त मारूचा थांबाक व्हया.’ तिला घटस्फोट नको होता, पोटगी नको होती, नवऱ्याला तुरुंगात टाकायचे नव्हते. सासू परत आली तेव्हा आम्ही पुन्हा पाण्याबद्दल बोलत होतो. त्या दिवशी आमच्या कागदावर अर्धे रकाने रिकामे राहिले, आणि ते रिकामे ठेवणे बरोबर होते.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळते. ‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ असे विचारले की उत्तर बहुधा नाही असे येते, कारण अत्याचार हा शब्द वर्तमानपत्रातला आहे. ‘गेल्या बारा महिन्यांत नवऱ्याने तुम्हाला ढकलले का, केस ओढले का, काही फेकून मारले का?’ असे एकेका कृतीबद्दल विचारले की खरे उत्तर येते. राष्ट्रीय सर्वेक्षणातही प्रश्न असेच कृतीवार विचारलेले असतात.

असे प्रश्न विचारून तुम्ही चांगले चाललेले संसार मोडता, असे काही जण म्हणतात.

हा आक्षेप आम्ही गांभीर्याने घेतो. ज्या घरात मारहाण होते ते घर विचारण्याआधीपासूनच मोडत असते, आणि आम्ही कोणत्याही स्त्रीला काय कर हे सांगत नाही. तिच्यापुढे कोणकोणत्या वाटा आहेत ते सांगतो. राहायचे की निघायचे हे तिने ठरवायचे असते. ती राहायचे म्हणाली, तर राहूनही सुरक्षित कसे राहता येईल याची आखणी तिच्यासोबत केली जाते. कागदपत्रांची पिशवी कुठे ठेवायची, रात्री कोणाच्या दारी जायचे, मुलांना कोणता शब्द ऐकल्यावर शेजारी पळायला सांगायचे, असे तिचे स्वरूप असते.

सगळ्याचे मूळ दारू आहे. दारू बंद झाली की हेही बंद होईल ना?

दारूमुळे हिंसा वाढते आणि जास्त घातक होते, याबद्दल दुमत नाही. वर उल्लेख केलेल्या सर्वेक्षणात, नवरा वारंवार झिंगलेला असतो अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी हिंसा सांगितली आहे. पण नवरा अजिबात पीत नाही अशा स्त्रियांमध्येही पाचांतल्या एकीहून अधिक जणींनी ती सांगितली आहे. शिवाय पिऊन आलेला माणूस वाटेत भेटलेल्या सरपंचाला मारत नाही, बोटीच्या तांडेलाला मारत नाही, घरी येऊन बायकोला मारतो. कोणावर हात उचलला तर चालतो हे त्याला शुद्धीत असतानाच ठाऊक असते. त्यामुळे व्यसनमुक्तीचे काम हवेच, पण एवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

शिक्षणाने हिंसा कमी होते याला काही पुरावा आहे का, की फक्त सदिच्छा?

पुरावा आहे, आणि तो गेल्या वीस वर्षांत बराच भक्कम झाला आहे. युगांडातील कम्पाला शहरात ‘सासा’ नावाचा उपक्रम राबवला गेला. त्यात वस्त्यांमधल्या सामान्य माणसांनाच प्रशिक्षण देऊन, सत्ता म्हणजे काय आणि ती घरात कशी वापरली जाते यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी वर्षानुवर्षे चर्चा घडवून आणली गेली. उपक्रम झालेल्या आणि न झालेल्या वस्त्यांची तुलना करणारा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपक्रमाच्या वस्त्यांमध्ये आदल्या वर्षभरातील जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा 52 टक्क्यांनी कमी आढळली. दक्षिण आफ्रिकेतील लिम्पोपो प्रांतात बचत गटासारख्या छोट्या कर्जांना लिंगभाव-प्रशिक्षणाची जोड दिली गेली आणि 2006 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहभागी स्त्रियांवरील हिंसेचा धोका निम्म्याहून अधिक घटला. हा दुसरा अभ्यास आम्ही इथल्या बचत गटांत मुद्दाम सांगतो. आपल्याकडे कर्ज आणि हप्ता यांची चर्चा दर महिन्याला होते, पण ते कर्ज कोणाच्या हातात गेले याची चर्चा क्वचितच होते.

भारतातले उदाहरण हवे असेल तर हरियाणातील 314 सरकारी शाळांमध्ये सातवी-आठवीच्या मुलामुलींसाठी अडीच वर्षे चाललेला अभ्यासक्रम पाहावा. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात मुलामुलींच्या समजुती स्त्रियांच्या बाजूने बदलल्याचे आणि उपक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही तो बदल टिकल्याचे दिसले. मुंबईतील महापालिका शाळांमध्ये 2008 पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सहभागाने याच धर्तीचे काम झाले आहे. या सर्व उपक्रमांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे ते दीर्घकाळ चालले. आठ मार्चला एक व्याख्यान आणि गुलाबाचे फूल देऊन काही बदलत नाही, हे आम्ही आयोजकांना स्पष्टपणे सांगतो आणि एकाच दिवसाचे निमंत्रण शक्यतो स्वीकारत नाही.

शाळेत नेमके काय शिकवता? मुलांच्या मनात नको ते भरवले जात नाही ना?

पहिल्या तासाला आम्ही हिंसा हा शब्दही उच्चारत नाही. फळ्यावर सकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहितो आणि प्रत्येकाने आपल्या घरातील आई आणि बाबा त्या त्या तासाला काय करतात ते वहीत लिहायचे असते. आईच्या रकान्यात पाणी, चूल, गुरे, डबा, शेण, कामावर जाणे, पुन्हा पाणी असे भरत जाते आणि जागा पुरेनाशी होते. समुद्रकाठच्या एका शाळेत, वडील बोटीवर खलाशी असलेल्या आठवीच्या मुलाने वही पुढे केली. बाबांच्या रकान्यात रात्रभर जाळी ओढण्याचे काम त्याने बारकाईने लिहिले होते, आणि आईच्या रकान्यात पहाटे लिलावाला जाणे, टोपली घेऊन दारोदार फिरणे, उरलेली मासळी खारवून सुकवणे हे सगळे लिहून खाली ‘आई काही काम करत नाही’ असे वाक्य लिहिले होते. आम्ही काहीच बोललो नाही. त्याने स्वतःच ते वाक्य पुन्हा वाचले, थोडा वेळ पेन हातात धरून बसला आणि मग खोडरबर मागून घेतला. वर्गातल्या चर्चेला तिथून सुरुवात झाली.

पुढच्या तासांत राग आला की शरीरात काय होते, नकार कसा द्यावा आणि कसा स्वीकारावा, सुरक्षित व असुरक्षित स्पर्श, मोबाइलवरील छायाचित्रांचा गैरवापर, लग्नाचे वय असे विषय येतात. मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 ही वयोमर्यादा मुलांना माहीत असते, पण ती कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शिक्षकांना इथे एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार, म्हणजे ‘पॉक्सो’नुसार, पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेचे नाव खराब होईल म्हणून ते दडपणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पुरुषांशी कधी बोलता? ते तर घरी नसतात.

ज्या वेळी ते मोकळे असतात त्या वेळी. गणपतीत चाकरमानी गावाला येतात, पण ते दिवस गडबडीचे असतात, त्यामुळे तेव्हा फक्त ओळख करून घेतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि खलाशी जाळी विणत बसलेले असतात. तो काळ आम्हाला सर्वांत चांगला वाटतो, कारण हात कामात असले की पुरुष जास्त मोकळे बोलतात. गावोगावच्या क्रिकेट मंडळांतील तरुणांशीही नियमित बैठका होतात. बापाने आईला मारताना लहानपणी पाहिले तेव्हा काय वाटले होते, हा प्रश्न विचारला की पुष्कळदा जाळ्यावरची सुई थांबते.

गावकीने मिटवले तर वाईट काय? कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा बरे नाही का?

बांधाचा, पाण्याचा, वाटेचा तंटा गावात मिटावा हे आम्हालाही मान्य आहे, आणि 15 ऑगस्ट 2007 पासून राज्यात सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने असे अनेक तंटे मिटवलेही आहेत. मात्र बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजू साधारण समान बळाच्या असतात. नवऱ्याने बायकोला मारणे हा तंटा नाही, तो एका बाजूने केलेला अन्याय आहे. तो मिटवताना नेहमी तिलाच काहीतरी सोडावे लागते.

आमच्या एका कार्यकर्तीने अशी एक बैठक पाहिली. देवळाच्या सभामंडपात मानकरी आणि भावकीतले पुरुष बसले होते, बाई बाहेर पायरीवर उभी होती. शेवटी स्टॅम्प पेपरवर दोघांकडून लिहून घेतले. त्याने लिहून दिले की ‘यापुढे मारणार नाही’ आणि तिने लिहून दिले की ‘यापुढे उलट बोलणार नाही व न विचारता माहेरी जाणार नाही’. म्हणजे माराचे कारण तिचे बोलणे होते, हे त्या कागदाने तिच्याच सहीनिशी पक्के केले. ती पुन्हा मार खाऊन आली तेव्हा तोच कागद तिच्यापुढे धरण्यात आला. त्या दिवशी आपण काहीच बोललो नाही, याची खंत आमच्या त्या सहकारीला आजही आहे.

बाई पोलिसांत गेली म्हणून कुटुंबाला दंड लावणे, वाळीत टाकणे, पालखी दारात न आणणे, विहिरीवर अडवणे असे प्रकार केले गेले, तर तो महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. 2016 चा हा कायदा जुलै 2017 पासून लागू आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. रायगड आणि कोकणातील बहिष्काराची प्रकरणे हे तो कायदा होण्यामागचे एक प्रमुख कारण होते.

गावाने काहीच करू नये असे मात्र आमचे म्हणणे नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे आणि ती कागदावर न उरकता खरोखर भरवली, तर पुष्कळ काही होऊ शकते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले.

माझे सासर मुंबईत आहे आणि मी माहेरी परत आले आहे. तक्रारीसाठी मुंबईला हेलपाटे घालावे लागतील का?

नाही. 2005 च्या कायद्याखालील अर्ज तुम्ही सध्या तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या न्यायालयातही करता येतो. पती व सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा गुन्हा, जो पूर्वी 498-अ म्हणून ओळखला जाई आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमात आहे, तोही माहेरच्या ठिकाणी नोंदवता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केले आहे. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवले, तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे वर्ग करण्याची तरतूद आहे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.

2005 च्या कायद्याने प्रत्यक्षात काय मिळते?

मारहाण व छळ थांबवण्याचा संरक्षण आदेश, घरातून बाहेर न काढण्याचा निवास आदेश, खर्चासाठी रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई या गोष्टी मागता येतात. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असले, तरी ते तुमचे सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितले आहे. अर्जासाठी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याची मदत घ्यावी, ते घटनेचा अहवाल भरून न्यायालयाकडे पाठवतात. स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. कायद्याने 60 दिवसांत निकाल द्यावा असे म्हटले असले, तरी व्यवहारात वेळ जास्त लागतो. त्यामुळे अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी, असा आमचा आग्रह असतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

खोट्या तक्रारींचे काय?

काही तक्रारी खोट्या असतात, जशा त्या प्रत्येक कायद्याखाली असतात, आणि त्या तपासण्यासाठी न्यायालये आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर 498-अ खाली आपोआप अटक करता येत नाही. 2005 चा कायदा तर मुळात दिवाणी स्वरूपाचा दिलासा देणारा आहे. ज्या देशात मार सोसणाऱ्या शंभरांतल्या शहाऐंशी जणी मदतच मागत नाहीत, तिथे आमची मोठी चिंता न झालेल्या तक्रारींची आहे.

पुरुषांनाही त्रास होतो, त्यांच्यासाठी काय?

होतो, आणि वृद्ध वडिलांना मुलांकडून होणारा त्रास तर आम्ही वारंवार पाहतो. ज्येष्ठांसाठी 2007 चा पालनपोषण कायदा आहे आणि 14567 ही मदतवाहिनी आहे. मारहाण कोणालाही झाली तरी तो गुन्हाच असतो.

हे विचार बाहेरून आणलेले आहेत का?

अजिबात नाहीत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना गावाने वाळीत टाकले होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 1966 मध्ये सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढला. यांतले कर्वे आणि दलवाई तर याच लाल मातीतले आहेत.

शेजारच्या घरातून रात्री ओरडणे ऐकू येते. मी काय करावे?

‘नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची’ ही म्हण आपण ऐकत वाढलो, आणि म्हणूनच दिवा मालवून कड बदलण्याची सवय झाली. प्रत्यक्ष मारहाण चालू असताना मध्ये पडून स्वतःचा जीव धोक्यात घालू नये. दोघा-तिघांनी मिळून दार वाजवावे आणि काडेपेटी, औषधाची गोळी, लाइट गेली का, असे काहीही निमित्त सांगावे. दारात माणसे उभी आहेत हे कळले की हात बहुधा थांबतो. धोका मोठा वाटला तर 112 लावावा. संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही माहिती देऊ शकते, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही, असे त्या कायद्यातच लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी ती एकटी भेटेल तेव्हा, ‘तू का सोसतेस?’ असे विचारू नये, कारण त्यात तिचाच दोष असल्यासारखे वाटते. ‘काल आवाज ऐकला. कधीही ये, दार उघडे आहे’ एवढे म्हणावे आणि तिने सांगितले ते ऐकून घ्यावे. जखमा असतील तर दवाखान्यात जाऊन त्या कशाने झाल्या हे डॉक्टरांना खरे सांगण्याचे धैर्य तिला द्यावे, कारण केसपेपरवर ‘घसरून पडली’ असे लिहिले गेले की पुढे तोच कागद तिच्याविरुद्ध जातो.

तुम्हाला सांगितलेली गोष्ट गावात फुटणार नाही याची खात्री काय?

वीस घरांच्या वाडीत नाव न लिहिता ‘बाग असलेली, नवरा पोलिसात असलेली, दोन मुलींची आई’ एवढे लिहिले तरी ती कोण ते सर्वांना कळते. म्हणून आमच्या नोंदींत गावाचे, वाडीचे किंवा व्यवसायाचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो, आणि क्रमांक कोणाचा हे सांगणारी यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात असते. मुलाखत घेणारी कार्यकर्ती त्या गावातली किंवा त्या गावात लग्न होऊन आलेली नसावी, असा नियम आम्ही पाळतो. फोनवर संपर्क करायचा झाल्यास तिने सांगितलेल्या वेळीच केला जातो. दुसऱ्या कोणी फोन उचलला तर आम्ही बचत गटाच्या बैठकीची तारीख विचारतो आणि फोन ठेवतो.